उचल फिटत का नाही? ऊसतोड टोळीच्या वहीतून

प्रश्न सांगली जिल्ह्यातील एका ऊस उत्पादक कुटुंबातील तरुणाचा आहे. तो थोडक्यात असा: "आमच्या फडावर दरवर्षी बीडकडची टोळी येते. जोडप्यामागे लाखाच्या घरात उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते, २०२४ मध्ये तोडणीचा दरही चांगला वाढला, वर आम्ही शेतकरी खुशाली, म्हणजे दराशिवायची बक्षिसी, देतो. तरीही तीच माणसे दरवर्षी तशीच कर्जात दिसतात. पैसे जातात कुठे? आणि यात आमचा काही दोष आहे का?"

वीसहून अधिक वर्षे मी हंगाम संपल्यावर टोळ्यांचे हिशेब तपासून देण्याचे काम करतो. मुकादमाची, म्हणजे टोळी जमवून आणणाऱ्याची, वही, कारखान्याच्या वजनपावत्या आणि मजुराच्या डोक्यातला हिशेब या तिन्हींचा मेळ क्वचितच बसतो आणि तो बसवताना बराच वाद ऐकावा लागतो. त्यामुळे तुमच्या प्रश्नातील 'पैसे जातात कुठे' या भागापासून सुरुवात करतो, कारण उरलेल्या प्रश्नांची वाट तिथूनच जाते.

धारूर तालुक्यातील एका जोडप्याची वही अशी होती. उचल १,००,००० रुपये. डोकी सेंटरवर, म्हणजे ऊस तोडून, मोळ्या बांधून, त्या डोक्यावरून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवण्याच्या कामावर, नवरा-बायको मिळून दिवसाला साधारण दोन टन काम करीत. २०२४ च्या जानेवारीत ३४ टक्के वाढ झाल्यानंतर तोडणीचा दर टनामागे सुमारे ३६६ रुपये झाला होता. १३० दिवस भरले म्हणजे २६० टन, म्हणजेच ९५,१६० रुपयांचे काम. आता दुसरी बाजू पाहा. आठवडी बाजारासाठी दर आठवड्याला हजार रुपये खर्ची, अशी २२ आठवड्यांची २२,००० रुपये. मुलाच्या तापाला आणि बाईच्या पाठीला दवाखान्याचे ६,००० रुपये. आणि नऊ खाड्यांचे, म्हणजे कामावर न गेलेल्या दिवसांच्या दंडाचे, दर खाड्याला ५०० याप्रमाणे, ४,५०० रुपये. उचलीसह एकूण १,३२,५०० रुपये नावे, ९५,१६० रुपये जमा. पाच महिने राबून जोडपे गावी परतले तेव्हा त्यांच्या अंगावर ३७,३४० रुपये बाकी होती आणि ती पुढच्या हंगामाच्या उचलीत धरली गेली.

सगळ्यांचेच असे होते, असे मी म्हणणार नाही. धडधाकट जोडपे, दाट आणि सरळ उभा ऊस, कारखान्याजवळचा फड आणि घरात आजारपण नाही, असे जुळून आले तर उचल फिटते आणि वर चार पैसे हातातही पडतात. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून रोजच्या मीठ-मिरचीचे भागते, तेही खरे. पण वरच्या हिशेबात कोणी चोरी केली नव्हती, मुकादमाने एकही आकडा खोटा लिहिला नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. सगळे नियमाप्रमाणे होऊनही जोडपे तुटीत गेले. मला जे सांगायचे आहे ते या 'नियमाप्रमाणे' या शब्दात आहे.

उचलीकडे तुम्ही मोठी रक्कम म्हणून पाहता. मजुराच्या बाजूने ती न केलेल्या कामाची मजुरी असते. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात, म्हणजे धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी आणि पलीकडे पाथर्डी, जामखेड या भागांत, दोन-तीन एकर कोरडवाहू जमीन असलेल्या कुटुंबाला पैसे लागतात ते पावसाळ्याच्या तोंडाशी, बी-बियाण्याला, पोरीच्या लग्नाला, आधीचे देणे भागवायला. बँकेचे दार त्याला उघडत नाही, मुकादमाचे उघडते. जून-जुलैपासून उचल वाटली जाते, तोड सुरू होते दिवाळीनंतर. म्हणजे मजूर कोयता हातात घेण्याआधीच कर्जदार झालेला असतो. कर्जदार माणूस दरावर घासाघीस करीत नाही, मध्येच काम सोडून दुसरीकडे जात नाही आणि कोपीत, म्हणजे राहायच्या तात्पुरत्या झोपडीत, साप निघाला म्हणून भांडतही नाही. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यात आगाऊ रकमेच्या बदल्यात बांधून घेतलेल्या श्रमाची जी व्याख्या आहे, ती वाचून पाहिली तर ऊसतोडीचे अनेक करार तिच्या फार जवळ जातात. आशियाई स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये, किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात करून घेतलेले काम हे सक्तीचे श्रम ठरते, असे म्हटले होते. दोन टनांचे ७३२ रुपये दोघांत वाटले तर माणशी ३६६ रुपये पडतात, आणि तेही बारा-चौदा तासांचे, ही गोष्ट त्या निकालाशेजारी ठेवून बघावी.

उचल ठरते ती पाच महिन्यांच्या कामाच्या हिशेबाने. हंगाम किती चालेल, हे मात्र मजुराच्या हातात नसते. २०२४-२५ चा हंगाम विधानसभा निवडणुकीच्या धामधुमीत १५ नोव्हेंबरला सुरू झाला आणि बहुतेक कारखान्यांची धुराडी मार्चच्या मध्यापर्यंत थंडावली. गाळप क्षमता वाढली, ऊस तेवढाच किंवा कमी, त्यामुळे दिवस घटले. उचल मात्र पाच महिन्यांची घेतलेली होती. त्या वर्षी माझ्याकडे आलेल्या वह्यांपैकी फारच थोड्या कोऱ्या झाल्या, म्हणजे बाकी न उरता मिटल्या. उलट २०२१-२२ मध्ये अतिरिक्त उसामुळे गाळप उन्हाळाभर रेंगाळले, तेव्हा टोळ्यांना चाळीस अंशांच्या उन्हात थांबवून धरले गेले. हंगाम लांबो वा आखडो, झळ एकाच बाजूला बसते.

खाड्याचा प्रकार तुम्ही कदाचित जवळून पाहिला नसेल. वाहन आले नाही, कारखान्याची मिल बंद पडली, पावसाने फडात चिखल झाला, एका फडातून दुसऱ्या गावी कोप्या हलवाव्या लागल्या, अशा दिवसांचे टोळीला काहीही मिळत नाही, कारण काम टनावर आहे. पण बाईला ताप आला आणि ती फडात गेली नाही, तर तिच्या नावावर, खरे म्हणजे तिच्या नवऱ्याच्या नावावर, खाडा लागतो आणि पाचशे ते हजार रुपये वळते होतात. म्हणजे कारखाना थांबला तर मजुराचे नुकसान आणि मजूर थांबला तरीही मजुराचेच. मुकादम याचे समर्थन असे करतो की एक कोयता कमी झाला की ट्रॉली भरायला उशीर होतो आणि वाहनमालक त्याला धरतो. त्याचे म्हणणे खोटे नाही. तोडलेला ऊस वाळू लागला की वजन आणि साखर दोन्ही घटतात, म्हणून तो एका दिवसाच्या आत गाळपाला जायला हवा, हे साखरधंद्याचे गणित आहे. ते गणित सांभाळण्याचा सगळा ताण मात्र साखळीच्या सर्वांत खालच्या कडीवर टाकलेला आहे.

ही साखळी कशी बांधली आहे, ते आता पाहू. साखर कारखाना तोडणी-वाहतुकीचा करार मजुराशी करीत नाही. तो वाहतूकदाराशी, म्हणजे ट्रक किंवा ट्रॅक्टरच्या मालकाशी, करतो आणि त्याला आगाऊ रक्कम देतो. वाहतूकदार स्टॅम्पपेपरवर मुकादमाशी करार करतो. मुकादम टोळीशी तोंडी व्यवहार करतो किंवा कोऱ्या कागदावर अंगठे घेतो. त्याला टोळीच्या कामावर कमिशन मिळते. २०२४ च्या वाढीत ते १९ वरून २० टक्के झाले. कारखान्याचा शेती अधिकारी कोणत्या दिवशी कोणता प्लॉट तोडायचा ते ठरवतो, चिटबॉय, म्हणजे कारखान्याचा स्लिप देणारा माणूस, फडावर येऊन स्लिप देतो, वजन कारखान्याच्या काट्यावर होते, दर कारखान्यांच्या संघाबरोबरच्या वाटाघाटीत ठरतो. कामाचे ठिकाण, वेळ, मोजमाप आणि मोबदला हे सगळे कारखाना ठरवतो, पण मजूर कोणाचा असे विचारले की उत्तर येते, मुकादमाचा. मुकादमाला विचारले तर तो म्हणतो, मीही मजुरातलाच, मला वाहनमालकाने पैसे दिले. बहुतेक मुकादम स्वतः एके काळी कोयता चालवलेले असतात, त्यामुळे हेही बरेचसे खरे असते.

आणि वाहनमालक? त्याच्यावरही अन्याय होतो, हे मान्य केले पाहिजे. मुकादमाने उचल घेऊन टोळीच पाठवली नाही, अशा तक्रारी पश्चिम महाराष्ट्रातील पोलीस ठाण्यांत दर हंगामात येतात आणि कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेला तरुण त्यात बुडतो. पण ही वसुली पुढे काय रूप घेते, तेही मी पाहिले आहे. बाकी राहिलेल्या मजुराला गावातून गाडीत घालून नेणे, त्याच्या बायकोला किंवा भावाला 'पैसे येईपर्यंत' थांबवून ठेवणे, असे प्रकार माझ्यासमोर आलेले आहेत. कायद्याच्या भाषेत ते अपहरण आणि डांबून ठेवणे आहे. व्यवहाराच्या भाषेत त्याला वसुली म्हणतात.

आता तुमचे ऊसबिल काढून पाहा. २०२४-२५ साठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला, टनामागे ३,४०० रुपये एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, ठरवली होती. त्यातून तोडणी आणि वाहतूक कापून तुमच्या खात्यावर रक्कम आली. म्हणजे तोडणीचे ३६६ रुपये आणि त्यावरचे कमिशन कागदोपत्री तुम्ही दिलेत, ठरवले मात्र कारखान्याने. या रचनेचा परिणाम असा की मजुराची दरवाढ झाली की ती थेट तुमच्या बिलातून जाते. साखर, मळी, वीज आणि इथेनॉल यांतून कारखान्याला जे मिळते त्याला तिचा स्पर्श होत नाही. ऊस उत्पादक आणि ऊसतोड मजूर एकमेकांकडे संशयाने पाहतात त्याचे मूळ स्वभावात शोधू नये, ते बिलाच्या त्या ओळीत आहे.

कायद्याची स्थिती चमत्कारिक आहे. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा राज्याची हद्द ओलांडणाऱ्यालाच लागू होता. एकाच गावातील दोन भाऊ निघाले, एक सांगली जिल्ह्यातील म्हैसाळपर्यंत आला आणि दुसरा पुढे कागवाडला, कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यात गेला, तर कागदावर दुसऱ्याला विस्थापन भत्ता, प्रवासभत्ता आणि परवानाधारक ठेकेदार असे हक्क होते आणि पहिल्याला काहीच नव्हते. कागवाडला गेलेल्या कोणालाही तो भत्ता मिळाल्याचे मी पाहिलेले नाही, हा भाग वेगळा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि तो कायदा त्यांत विरून गेला; प्रवासभत्ता राहिला, विस्थापन भत्ता गेला आणि राज्याच्या आत स्थलांतर करणारा मजूर पूर्वीसारखाच या तरतुदींच्या बाहेर राहिला. महाराष्ट्रातच याहून चांगली घडी बसवलेली आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालांसाठी मंडळे केली. मालकाने मजुरी आणि त्यावरची लेव्ही, म्हणजे ठरावीक टक्क्यांची जादा रक्कम, मंडळात भरायची आणि मंडळाने भविष्यनिर्वाह निधीसह ती हमालाच्या नावावर जमा करायची. मालक बदलत राहिला तरी हमालाची नोंद एकाच ठिकाणी राहते. पाठीवर पोते वाहणाऱ्याला जे पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी देता आले, ते डोक्यावर मोळी वाहणाऱ्याला देता येत नाही, याचे तांत्रिक कारण मला आजवर कोणी सांगू शकलेले नाही.

बायकांबद्दल स्वतंत्रपणे लिहायला हवे. टोळीत मोजमापाचे एकक 'कोयता' आहे आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. वहीत नाव नवऱ्याचे, उचल नवऱ्याच्या हातात, अंगठा नवऱ्याचा. काही वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये एका फडावर मी रात्री अडीचला पोहोचलो, कारण ट्रॅक्टर तेव्हा आला होता आणि हिशेबासाठी माणसे तेव्हाच एकत्र भेटणार होती. ट्रॉलीला लावलेल्या लाकडी फळीवर एका बाईने स्वतःच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळल्या होत्या, दवाने पाय घसरू नये म्हणून. तिला पाचवा महिना होता. तीस-पस्तीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन ती त्या फळीवरून वर जायची, मोळी टाकायची आणि रिकामी उतरताना पोटावर हात धरायची. चार वाजता ट्रॉली भरली, साडेचारला तिने चूल पेटवली, सहाला ती परत फडात होती. वहीत त्या रात्रीची नोंद नवऱ्याच्या नावापुढे टनांत झाली.

कोपीजवळ संडास नसतो, न्हाणी नसते, पाणी शेतकऱ्याच्या मोटरीच्या वेळेवर मिळते. पाळीच्या दिवसांत आणि बाळंतपणानंतर विश्रांती घेतली तर खाडा पडतो. अशा स्थितीत पोटाच्या वारंवारच्या दुखण्यावर कोणी 'पिशवी काढून टाका' म्हटले की बाई आणि घर दोघेही ते ऐकतात, कारण शस्त्रक्रियेचा खर्च एकदाच येतो आणि खाडे दरवर्षी येतात. २०१९ मध्ये हा विषय गाजल्यावर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे दर सहा जणींत जवळपास एक. त्याच सुमाराच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास होते. यानंतर जिल्ह्यात खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. लालची डॉक्टरांवर बोट ठेवणे सोपे होते आणि काही जण त्या बोटाला पात्रही होते; पण खाड्याची पद्धत जशीच्या तशी राहिली. कमी वयातील लग्नांचेही असेच आहे. अर्ध्या कोयत्याला उचल अर्धी, पुऱ्या कोयत्याला पुरी. आणि मुलीला गावी एकटी ठेवायची तर आई-बाप सहा महिने घराबाहेर. अशा घरात सोळाव्या वर्षी लग्न उरकले जाते तेव्हा त्यामागे रूढीइतकाच हा हिशेबही असतो.

मजूर किती आहेत हेच माहीत नाही, मग योजना कशी करणार, असे मला अधिकाऱ्यांनी अनेकदा ऐकवले. अंदाज आठ लाखांपासून बारा लाखांपर्यंत काहीही सांगितले जातात, हे खरे. पण एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत टोळ्या फडांवर अडकल्या आणि राज्य शासनाने १७ एप्रिलला त्यांना गावी जाऊ देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा ३८ कारखान्यांच्या परिसरात सुमारे १ लाख ३१ हजार कामगार आहेत हा आकडा सरकारकडे होता. कारखान्यांनी प्रत्येकाची आरोग्य तपासणी करून, गावनिहाय यादी लावून त्यांना पाठवायचे होते आणि बऱ्याच ठिकाणी त्यांनी ते केले. साथीची भीती होती तेव्हा कोणाच्या फडावर कोण आहे हे कारखान्यांना नावानिशी माहीत होते. भविष्यनिर्वाह निधीचा विषय निघाला की ती यादी सापडत नाही.

गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आता आहे, कारखान्यांकडून टनामागे १० रुपये आणि तेवढाच वाटा शासनाचा, अशी त्याच्या निधीची रचना आहे. ऊसतोड मजुरांच्या मुलामुलींसाठीच्या संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे ठरली आहेत. ज्या तालुक्यांत ती सुरू झाली तिथल्या पोरी फडाऐवजी शाळेत आहेत आणि हे काम मी मनापासून चांगले मानतो. मुंबई उच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. मात्र हे सगळे उपाय मजुराच्या आयुष्याच्या कडेकडेने जातात. मजुरी कोण देतो आणि कोणाच्या नावावर देतो, या मधल्या जागेला अजून कोणी हात घातलेला नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. दोष म्हणाल तर तुम्ही एकटे काही बदलू शकत नाही, पण सहकारी कारखान्याचे सभासद असाल तर तुम्ही त्या साखळीच्या अगदी वरच्या कडीत बसलेले आहात. खुशालीची रक्कम मुकादमाच्या किंवा ट्रॅक्टर ड्रायव्हरच्या हातात देऊ नका. ती बहुतेक वेळा टोळीपर्यंत पोहोचत नाही, आणि कारखान्याकडे तक्रार केली तर ती टोळीच्याच बिलातून कापली जाण्याची शक्यता असते. त्यापेक्षा तेच पैसे घालून बांधावर तात्पुरता संडास आणि पाण्याची टाकी उभी करा. खर्च तुमच्या एका एकराच्या खुशालीहून फार जास्त येत नाही. वजनपावतीची एक प्रत टोळीला मिळते का ते चिटबॉयला विचारा आणि मिळत नसेल तर तुमच्या पावतीचा फोटो टोळीतल्या एखाद्या शिकलेल्या मुलाला पाठवा. गेल्या तीन हंगामांत माझ्याकडचे जे वाद लवकर मिटले, ते जवळजवळ सगळे अशा मोबाइलमधल्या फोटोंमुळे मिटले.

आणि सप्टेंबरमध्ये कारखान्याची वार्षिक सभा असते. तिच्या आधी लेखी प्रश्न द्या: तोडणीच्या करारपत्रात प्रत्येक कोयत्यातील बाईचे नाव आणि तिचे बँक खाते का लिहिले जात नाही, आणि तिच्या वाट्याची मजुरी तिच्या खात्यावर वेगळी का जमा होत नाही. प्रश्न लेखी असेल तर उत्तर इतिवृत्तात येते. तोंडी विचारलात तर 'बघू' म्हणतील आणि चहा येईल.